मिठाने खाल्लेला निळा ट्रक

मित्रांनो, मर्टन व्हीलॉकच्या शेताच्या कडेला जो निळा ट्रक उभा आहे ना, तो मी. आताआतापर्यंत इथून जाणारे लोक गाडी हळू करत आणि म्हणत, "रंग बघ, अजून नव्यासारखा आहे." हे ऐकले की माझा संताप होई. रंगाचे काय घेऊन बसलात? खाली उतरा, गुडघे टेका, चिखल लागला तर लागू द्या आणि माझ्या पोटाखाली एकदा नीट पाहा. पण उभ्या आयुष्यात मला वेळेवर खाली वाकून पाहणारा माणूस एकच भेटला, आणि नेमके त्याच्याशीच माझ्या घरच्यांचे फाटले. म्हणून आज माझी गोष्ट मीच सांगणार आहे. मी चिडून बोलेन, मनावर घेऊ नका.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात विशेष काही नाही, सगळ्याच गाड्यांचा तिथे होतो. पोलादाच्या दोन लांब तुळया घेतल्या, त्यांना आडव्या पट्ट्या जोडल्या आणि माझा सांगाडा तयार झाला. गाडीवाले त्याला चासी म्हणतात. त्या चासीवर इंजिन, केबिन, मागचा हौदा असे एकेक चढत गेले. शेवटी रंग दिला. वरच्या पत्र्याला थरावर थर आणि खालच्या हाडांना एक पातळसा हात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मला विकत घेतले ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या कॉर्विन गावच्या लूसियन थेरिएनने. तो लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. हात राकट, बोलणे थोडे, आणि कोणाला दुखवायचे म्हटले की त्याच्या अगदी जिवावर येई. त्याच्या या भिडस्तपणाने पुढे माझा घात केला, ते सांगेनच. त्याची बायको आर्डिस स्वच्छतेची भोक्ती. मुलगी नोएला तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. मला पाहताच ती म्हणाली, "हा निळ्या." झाले, त्या दिवसापासून मी निळ्या झालो. कारखान्याने पितळी अक्षरांत लावलेले माझे खरे नाव त्या घरात कोणी पुन्हा उच्चारले नाही.

कामाला मी कधी मागे हटलो नाही. हिवाळ्यात माझ्या नाकाला बर्फ ढकलायचे लोखंडी पाते लावत आणि आम्ही अर्ध्या गावाच्या दारातले बर्फ हटवत असू. मार्चमध्ये मेपलच्या झाडांचा रस निघू लागला की माझ्या हौद्यात मोठी टाकी बसवत. रानातून डचमळत, चिखलात रुतत ती टाकी मी रस उकळून पाक करायच्या झोपडीपर्यंत आणत असे. नोएला मधल्या सीटवर आडवी होऊन झोपी जाई. तिच्या अंगाला धुराचा आणि पाकाचा वास येत असे. ती मोठी झाली, शाळेच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवू लागली, तेव्हा ते बेढब वाद्यही मीच वाहिले. तिने गाडी शिकली तीही माझ्यावरच. गिअर टाकताना मला फार सोसावे लागले, पण मी हूं की चूं केले नाही.

माझा वैरी एकच होता, मीठ. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आमच्या रस्त्यांवर मीठ पडते. बर्फ वितळावे आणि माणसांची चाके घसरू नयेत म्हणून ते टाकतात. माणसांच्या जिवासाठी आहे, त्याला माझे काही म्हणणे नाही. पण तेच खारट पाणी चाकांनी उडून आमच्या पोटाला लागते. दोन पट्ट्या जिथे जोडल्या आहेत तिथल्या फटीत शिरते, ब्रेकच्या बारीक नळ्यांवर चिकटून बसते आणि मग आमच्याच लोखंडाला सावकाश खात राहते. कॉर्विनमध्ये दहा हिवाळे काढलेली गाडी म्हणजे वरून गाडी आणि खालून चाळणी.

तरी पंधरा वर्षे माझ्या चासीला गंज शिवला नाही. त्याचे श्रेय मर्टन व्हीलॉकचे. मर्टन हा आर्डिसचा थोरला भाऊ. त्याच्या गायी विकून झाल्या होत्या, पण गोठा होता. दर ऑक्टोबरमध्ये, पहिले बर्फ पडायच्या आधी, गावातल्या निम्म्या गाड्या त्या गोठ्यात येत. मर्टन गाडी दोन जाड ओंडक्यांवर चढवी, स्वतः डोक्याला फडके बांधून खाली सरपटत जाई आणि लाकूड कापायच्या करवतीला घालतात ते चिकट तेल फवाऱ्याने पोटभर मारी. फट न फट भरून काढी. बदल्यात कोणी सफरचंदाचा रस आणी, कोणी साखरेत घोळलेले डोनट. आर्डिस भोपळ्याचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत भोपळ्याचे गोड सारण भरलेला पदार्थ, भाजून पाठवी.

"तोंड मिटून उभा राहा, लूसियन," मर्टन खालून ओरडे. "एक फवारा आत गेला तर तुलाही जन्मात गंज लागायचा नाही."

"माझं जाऊ दे. तू त्या मागच्या नळीवर नीट मार."

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून मारतोय मी तेल. मला शिकवू नकोस."

छोटी नोएला दारात उकिडवी बसून पाहत असे. "मामा, निळ्याला गुदगुल्या होतात का?"

"तर काय. हसून हसून गळतोय बघ."

खरेच मी गळत असे. दोन दिवस माझ्याखाली तेल टपटपत राही आणि वासाचे तर विचारू नका. पण आमच्याकडची पद्धत अशी, की तेल मारून झाले की गाडी लगेच घरी न्यायची नाही. आधी डोंगराकडच्या कच्च्या रस्त्याने दोन फेऱ्या मारायच्या, त्याही मुद्दाम जोरात. ऑक्टोबरचा तो कोरडा फुफाटा उडतो, ओल्या तेलावर बसतो आणि त्याची जाड साय धरते. मग मीठ येवो की काही येवो, ते त्या सायीवरच अडते. बाहेरून मी धुळीने माखून भुतासारखा दिसे. नोएला माझ्या मागच्या फळीवर बोटाने माझे नाव लिही. मित्रांनो, ते माझे खरे सुखाचे दिवस होते.

मग घरापुढची वाट डांबरी झाली आणि माझे दिवस फिरले.

दोष मी एकट्या आर्डिसवर टाकत नाही. वीस वर्षे तिने त्या वाटेचा चिखल सोसला होता. बर्फ वितळले की रस्त्यापासून दारापर्यंतचा सगळा उतार राडा होई आणि तो राडा बुटांबरोबर तिच्या स्वयंपाकघरात येई. नोएला शिकायला बाहेरगावी गेली, त्या उन्हाळ्यात आर्डिसने हट्टाने ती वाट डांबरी करून घेतली. काळी, सपाट, कडेला दगडी गडगा. ती संध्याकाळी नुसती उभी राहून वाटेकडे पाहत असे. मलाही ती वाट आवडली होती, खोटे कशाला बोलू.

ऑक्टोबरमध्ये मी नेहमीप्रमाणे तेल पिऊन, धूळ खाऊन घरी आलो आणि त्या नव्या डांबरावर उभा राहिलो. सकाळी आर्डिस बाहेर आली. माझ्याखाली भाकरीएवढे तेलाचे डाग पडले होते, आणि तेलाने डांबर मऊ पडून तिचा बूट त्यात रुतला.

तिने तिथूनच भावाला फोन लावला. "मर्टन, तुझ्या त्या घाणेरड्या तेलाने माझी वाट नासवली."

तो अर्ध्या तासात आला. डाग पाहून हसला, आणि तिथेच चुकला.

"एवढंच ना? डांबर आहे ते. देवळातली फरशी नाही."

"हसतोस काय? मी गुडघ्यावर बसून भांड्यांच्या साबणाने घासतेय सकाळपासून."

"मग नको घासूस. तुझी वाट गेली तर परत होईल, आर्डिस. त्या ट्रकची हाडं गेली तर कोण करून देणार आहे?"

"तुला माझ्या घरापेक्षा गाडीचं पडलंय. आईकडे असतानाही हेच. जेवायच्या टेबलावर इंजिन खोलून बसायचास."

"बरं. मी या गाडीला यापुढे हात लावणार नाही. बोलवायला आलात तरच येईन."

"कोणी येत नाही."

दोघांनी लूसियनकडे पाहिले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मेहुणा. लूसियनने माझ्या टायरवर बुटाचे टोक आपटले आणि म्हणाला, "हवा थोडी कमी वाटते."

मित्रांनो, मला जीभ असती तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. अरे, एक पुठ्ठा अंथरा माझ्याखाली. फ्रिजचा रिकामा खोका फाडला तरी पुरे झाला असता. दोन दिवसांची तर गोष्ट होती. पण तिघेही आपापल्या रागात आणि संकोचात इतके गढले होते, की कोणाच्या डोक्यात ते आले नाही. तेल बंद झाले ते त्या दिवसापासून.

पुढच्या वर्षी लूसियन निवृत्त झाला आणि त्याला माझी दया आली. दया शब्द मी जपून वापरतो आहे, कारण त्याने जे केले ते पुरते प्रेमाने केले. "निळ्यानं आयुष्यभर उघड्यावर काढलं," तो आर्डिसला म्हणाला. "आता म्हातारपणी तरी त्याला छप्पर हवं." त्याने वाटेच्या तळाशी माझ्यासाठी गॅरेज बांधले. स्वतःच्या हातांनी बांधले. ऊब टिकावी म्हणून भिंतींत कापूस भरला, कोपऱ्यात गरम हवेचा हीटर बसवला. गावातले लोक मुद्दाम बघायला आले. एकजण म्हणाला, "लूसियन, तुझा ट्रक माझ्यापेक्षा उबेत झोपतो." सगळे हसले, लूसियन लाजला.

आणि मी? मी आतून जळत होतो. मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण इथे शहाणी माणसेही फसतात. बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत माझ्या पोटाचे बर्फ गोठलेले असते. त्यातले मीठ जवळजवळ झोपलेले असते. ऊब लागली की ते बर्फ वितळते, खारे पाणी ओघळून प्रत्येक फटीत उतरते आणि मीठ रात्रभर कामाला लागते. उघड्यावर मला जेवढा गंज एका हिवाळ्यात चढला असता, तेवढा त्या उबदार खोलीत काही आठवड्यांत चढू लागला. लूसियन रोज सकाळी मला मीठ टाकलेल्या रस्त्याने कॉफी प्यायला नेई, थबथबलेला परत आणी आणि हीटर लावून म्हणे, "झोप आता आरामात." झोप कसली कपाळाची!

दर रविवारी तो मला धूत असे. कोमट पाणी, मऊ फडके, वर मेण. टपावरून हात फिरवी, आरसे पुसे, कारखान्याची ती पितळी अक्षरे दात घासायच्या ब्रशने घाशी. खाली एक तांब्या पाणी मारत नसे. खाली घाण असते, कमरेला रग लागते, आणि खालचे कोणाला दिसते? तो माझ्या दारात स्वतःचे तोंड पाहून केस सारखे करी तेव्हा माझ्या चासीच्या तुळईवरून तांबडे पापुद्रे गळत असत. सकाळी तो तेच झाडूने लोटून टाकी आणि म्हणे, "कुठून येते ही माती?"

मर्टनला मात्र कळले होते. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याच्या जेवणाला तो दरवर्षी येई, कारण बहिणीशी भांडण असले तरी सणाची भाजलेली टर्की सोडायची नसते. ट्रकचा विषय तेवढा दोघे टाळत. एकदा तो गॅरेजमध्ये डोकावला. हीटर पाहिला, जमिनीवरचे तांबडे पापुद्रे पाहिले. त्यातला एक उचलून बोटांत चुरला. त्याचे तोंड उघडले. मी मनात म्हणालो, बोल, मर्टन, आता तरी बोल. पण बोलवायला आलात तरच येईन, हा त्याचा शब्द होता. त्याने हात पँटला पुसले आणि आत जाऊन क्रॅनबेरीची चटणी वाढून घेतली. लूसियनच्या भिडेचा राग येतो, आर्डिसच्या वाटेचा येतो, पण मर्टनच्या त्या गप्प बसण्याचा मला सगळ्यात जास्त येतो. त्याला माहीत होते.

असे चार हिवाळे गेले. नोएला शिकून परिचारिका झाली आणि डोंगरापलीकडच्या इस्पितळात तिला नोकरी मिळाली. तो घाट मला पाठ आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, उतार संपता संपत नाही. तिथे इंजिनापेक्षा ब्रेकवर भिस्त असते. लूसियनने जेवताना जाहीर केले, "निळ्या तुझा. नवीन गाडीच्या भानगडीत पडू नकोस. हा तुला दगा देणार नाही."

नोएला धावत गॅरेजमध्ये आली आणि तिने माझ्या बॉनेटवर गाल टेकवला. अशा वेळी आनंद व्हायला हवा ना? मला धडकी भरली. माझ्या ब्रेकच्या नळ्या कागदाएवढ्या पातळ झाल्या होत्या. मागचा डावा सांधा नुसत्या गंजाच्या आधारावर उभा होता. ज्या पोरीला मी मांडीवर झोपवून आणले तिला मी त्या घाटातून नेणार होतो.

मुलीच्या काळजीने लूसियनने शेवटी माझ्या पोटाचा विचार केला, तोही कसा पाहा. मोठ्या गावात एक नवे दुकान निघाले होते. तिथला माणूस गोड बोलणारा होता. "काका, तेलबिल सोडा. हे काळं रबर एकदा मारलं की दहा वर्षं खाली बघायचं नाही. डाग नाही, वास नाही, थेंब नाही." थेंब नाही, हे ऐकून आर्डिस खूश झाली. मला तिथे वर उचलले. आता तरी हा माणूस गंज खरवडेल, मला कोरडा करेल, असे वाटले. त्याने पाण्याचा एक फवारा मारला, घड्याळाकडे पाहिले आणि ओल्या गंजावरच ते काळे रबर थापले. पाणी निघून जायला चासीला जी भोके असतात तीही बुजवली. न धुतलेल्या जखमेवर पट्टी बांधावी तसे झाले. वरून बघणाऱ्याला मात्र मी खालूनही नवा दिसू लागलो. लूसियन पहिल्यांदा वाकला, काळे तुकतुकीत पोट पाहिले आणि समाधानाने उठला. चार वर्षांत तो एकदाच वाकला आणि तेही सगळे झाकून झाल्यावर.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री बर्फ पडले. सकाळी मिठाचा ट्रक गावातून फिरून गेला. नोएला दुसऱ्या दिवशी नोकरीच्या गावी निघणार होती, म्हणून जेवणाआधी ती मला घेऊन पेट्रोल भरायला गेली. परत येताना ती गाणे गुणगुणत होती. रस्त्यावरून वळून आम्ही घराच्या उताराला लागलो. खाली गॅरेजचे दार उघडे होते. लूसियन आणि मर्टन ओसरीवर उभे होते. आर्डिस वाटेच्या मधोमध, नोएलाच्या नव्या खोलीसाठी बशांनी भरलेला खोका दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे चालत येत होती.

नोएलाने ब्रेक दाबला. मागची नळी फुटली. तिने जीव खाऊन दाबला तशी पुढचीही गेली, आणि पायाखालचा ब्रेक सरळ जमिनीला टेकला. तिने हातब्रेक ओढला. त्याची तारही गंजलेली होती, ती तुटून नुसता दांडा तिच्या हातात आला.

"आई, बाजूला हो!"

आर्डिसला काही समजेना. पोरगी गंमत करते आहे असे वाटून ती हसली. मी उतरत होतो. उतार डांबरी, गुळगुळीत, वर ओले बर्फ. मित्रांनो, थांबता येत नसलेल्या गाडीचे हाल दुसऱ्या कोणाला कळायचे नाहीत. नोएलाने हॉर्न दाबून धरला आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवले. माझी डावी कूस दगडी गडग्याला घासत गेली. ठिणग्या उडाल्या. आर्डिस आडवी फेकली गेल्यासारखी बर्फात पडली, खोका फुटला, आणि मी तिच्या बुटांपासून वीतभर अंतरावरून जाऊन गॅरेजच्या चौकटीवर नाक आपटून थांबलो.

आत हीटर घुरघुरत होता. लूसियन आधी आर्डिसकडे धावला, मग दाराकडे, मग पुन्हा आर्डिसकडे. दोघीही धड होत्या. नोएलाच्या हातात तो लुळा दांडा तसाच होता आणि तिची बोटे उघडत नव्हती.

मर्टन हळूहळू उतार उतरून आला. सणाचा कोट घातलेला होता, तोच घालून बर्फात उताणा पडला आणि माझ्याखाली सरकला. इतक्या वर्षांनी त्याचे तोंड मला खालून दिसले. म्हातारा झाला होता. त्याने खिशातला चाकू काढून काळ्या रबराखाली घातला. रबराचा हातभर पट्टा साल निघावी तसा निघाला आणि त्याच्यामागून ओला तांबडा भुसा त्याच्या छातीवर पडला. त्याने तुळईत बोट घातले. बोट आरपार गेले.

"लूसियन, खाली ये."

"काय आहे?"

"ये म्हणतो ना."

लूसियन आला. दोघे शेजारी शेजारी पडून राहिले.

"मी दर रविवारी धूत होतो रे त्याला," लूसियन म्हणाला. "उबेत ठेवला होता."

"उबेनंच खाल्लं त्याला."

"तुला माहीत होतं?"

मर्टनने छातीवरचा भुसा झटकला. "मागच्या वर्षी बघितलं होतं. तुम्ही बोलवायला आला नाहीत, म्हणून गप्प बसलो. उद्या ही पोरगी त्या घाटात असती, लूसियन."

आर्डिस बर्फातच बसून फुटक्या बशा गोळा करत होती. "माझ्या वाटेवर डाग पडत होते," ती म्हणाली. कोणी विचारले नव्हते. "म्हणून बंद केलं मी. डाग पडत होते म्हणून."

नोएला खाली उतरली. तेल बंद झाले तेव्हा ती बाहेरगावी होती, तिला यातले काही ठाऊक नव्हते. तिने आईकडे, बाबांकडे, माझ्याखालून बाहेर आलेल्या मामाकडे पाहिले. त्याचा सगळा कोट तांबडा झाला होता.

"पण मग खाली पुठ्ठा का नाही अंथरलात?" ती म्हणाली.

मीही ऐकत होतो. चार वर्षे मी मनातल्या मनात जे ओरडत होतो ते त्या पोरीने सहज विचारले होते, आणि तिघे मोठे जाणते लोक फुटक्या बशांमध्ये मान खाली घालून उभे होते.

मी पुन्हा रस्त्यावर येणार नाही, हे त्याच दिवशी ठरले. इंजिन ठणठणीत होते, तरीही. सांगाडाच गेल्यावर इंजिन काय करणार? भंगारवाला येणार होता, पण नोएलाने नाही म्हटले. मर्टनने मला साखळीने ओढून आपल्या शेताच्या कडेला आणून ठेवले. ज्या कच्च्या रस्त्यावर मी दर ऑक्टोबरमध्ये फुफाटा उडवत जात असे, तो इथूनच जातो. लूसियन अजून रविवारी येतो. आता तो मला धूत नाही. शेजारी बसतो, कॉफी पितो आणि उठताना माझ्याखाली वाकून पाहतो. आता वाकून काय उपयोग, असे मला दर वेळी वाटते. तरी तो वाकतो ते मला आवडते.

या ऑक्टोबरमध्ये गोठ्यापुढे पुन्हा रांग लागली. रांगेत नोएलाची छोटी हिरवी गाडी होती. कोणाची तरी वापरलेली, बिनबोभाट चालणारी. मर्टनला आता खाली सरपटणे जड जाते, म्हणून फवारा लूसियनने धरला आणि मर्टन ओणवा होऊन त्याला ओरडत राहिला, "ती फट राहिली. ती नाही, पलीकडची. डोळे आहेत का बटणं?" आर्डिस भोपळ्याचा पाय घेऊन आली होती. तिच्या काखेत कपडे धुण्याच्या यंत्राचा फाडलेला खोका होता. "घरी गाडी उभी करण्याआधी हा तिच्याखाली अंथरेन मी," ती म्हणाली. "आणि डाग पडला तर पडला."

मित्रांनो, तुमच्याकडे मीठ टाकलेले रस्ते नसतील. पण तुमच्याकडेही सायकल असेल, शिवणयंत्र असेल, विहिरीवरचा पंप असेल. त्यांना वरून पुसू नका असे मी म्हणत नाही. पुसा. पण एकदा जमिनीवर बसून खालूनही पाहा. आणि कोणी खालचे पाहून आले, तर भांडणे बाजूला ठेवून त्याचे ऐका. ज्याला दिसले त्याने बोलवण्याची वाट पाहू नये. मला एवढेच सांगायचे होते, आणि हे सांगायला मला मोडावे लागले, याची चीड माझ्या मनातून जात नाही.

संध्याकाळी हिरवी गाडी गोठ्यातून बाहेर पडली, तेल गाळत. नोएलाने ती घराकडे न वळवता कच्च्या रस्त्यावर घातली आणि जोरात सोडली. फुफाट्याचा लोट उठला. ती वरपर्यंत गेली, वळून परत आली, आणि मग ठरलेल्या दोन फेऱ्या संपल्यावरही आणखी एकदा माझ्या अगदी जवळून गेली. धूळ खाली बसली तेव्हा माझा निळा रंग दिसेनासा झाला होता. नोएला गाडी थांबवून उतरली, माझ्या मागच्या फळीपाशी आली आणि तिने बोटाने त्यावर लिहिले, निळ्या.

अजून कोणी ते पुसलेले नाही.